स्वस्त डिजिटल अ‍ॅम्पमधून चांगला टोन: बेळगावच्या शहापुरातील आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, दोन वळीव पडून गेल्यावर, मी २५ वॉटचा आणि ८ इंची स्पीकरचा एक डिजिटल मॉडेलिंग अ‍ॅम्प विकत घेतला. १४,००० रुपयांच्या वर जायचे नाही असे घरात ठरले होते आणि वस्तू त्या आकड्यात बसली. आठ महिने तो घरी, तालमीला आणि दोन-तीन छोट्या कार्यक्रमांत वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की या पेटीत चांगला टोन नक्की आहे, परंतु खोक्यातून काढून पहिलाच प्रीसेट (कंपनीने आधीच जुळवून ठेवलेला आवाज) लावणाऱ्याला तो मिळणार नाही. त्याच्यावर चढवलेले एकेक थर उतरवत त्याच्यापर्यंत पोचावे लागते. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच किमतीतले आणखी तीन-चार अ‍ॅम्प मी ओळखीच्या लोकांकडे वाजवून पाहिले असून त्यांचे गुण आणि दोष इतके सारखे आहेत, की सगळे खापर एकाच्या डोक्यावर फोडणे अन्यायाचे होईल.

मी कोणत्या कानांनी ऐकतो ते आधी सांगितले पाहिजे. उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये मी तपासणीचे काम करतो आणि संध्याकाळी शहापुरातील आमच्या भावगीत-अभंगांच्या मंडळात गिटार वाजवतो. गिटार स्ट्रॅटोकास्टर घडणीची, तीन सिंगल-कॉइल पिकअपची (तारांची कंपने पकडणाऱ्या चुंबकी तुकड्यांची), साधी आहे. हेवी मेटल मी वाजवत नाही, त्यामुळे ज्यांना तो प्रकार हवा आहे त्यांनी माझे गेनविषयीचे (आवाजाला खरखरीची धार देणाऱ्या नॉबविषयीचे) म्हणणे थोडे सैल हाताने घ्यावे. या अ‍ॅम्पच्या आधी मी गिटार थेट मंडळाच्या ध्वनियंत्रणेच्या मिक्सरला जोडत असे आणि तो आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येई. त्याचे कारण मला पुष्कळ उशिरा समजले. इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपण गाण्यांत ऐकत आलो आहोत तो गिटारच्या स्पीकरमधून गाळून आलेला असतो. गिटारसाठी बनवलेला १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर सोडतच नाही. मिक्सरला जोडलेल्या पेटीतला ट्वीटर (वरच्या स्वरांचा लहान स्पीकर) मात्र त्याच्या वरचे सगळे इमानेइतबारे ऐकवतो, आणि कानाला टोचते ते तेच.

अ‍ॅम्प घेतला तो शहरातील एका जुन्या वाद्यांच्या दुकानातून. पुढे पेट्या, तबले, ढोलक्या आणि टाळांच्या जोड्या, आणि मागच्या कोपऱ्यात गिटारी व अ‍ॅम्प, अशी तिथली मांडणी आहे. दुकानदाराने पहिला प्रीसेट लावला. त्यात भरपूर गेन, मागे लांबलचक डिले (प्रतिध्वनी) आणि वरून रिव्हर्ब (घुमारा) होता. एक तार छेडली की चार सेकंद सगळे दुकान भरून जाई. मला ते आवडले, हे कबूल करतो. घरी आणून तोच प्रीसेट लावल्यावर शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारले, "मिक्सर लावलायस की काय रे? किती वेळ चालतंय तुझं दळण?" मी मनातल्या मनात चिडलो, पण अंगणात जाऊन मुलाला तेच वाजवायला सांगितले आणि भिंतीपलीकडून ऐकले, तेव्हा काकूंचे निदान बरोबर असल्याचे दिसले. एकही सूर वेगळा कळत नव्हता.

मॉडेलिंग म्हणजे काय, हे दोन ओळींत सांगतो. गिटारच्या तारेचा विद्युत संकेत आत गेल्याबरोबर आकड्यांत बदलतो. मग आतला प्रोसेसर त्या आकड्यांवर अशी गणिते करतो, की एखाद्या जुन्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पमधून, त्याच्या स्पीकरमधून आणि समोरच्या माइकमधून तो संकेत गेला असता तर जसा झाला असता तसा तो व्हावा. अमेरिकेतील लाइन सिक्स कंपनीने १९९६ मध्ये अ‍ॅक्ससिस २१२ हा असा पहिला गिटार अ‍ॅम्प बाजारात आणला, आणि त्या काळी चैनीची असलेली ही युक्ती आज सर्वांत स्वस्त पेटीतही येऊन बसली आहे. नक्कल ज्यांची होते ते मूळ अ‍ॅम्प बहुतेक ठिकाणी तेच ठरलेले असतात. एक १९६० च्या दशकातला फेंडर डिलक्स रिव्हर्ब, २२ वॉटचा आणि १२ इंची स्पीकरचा. दुसरा इंग्लंडमधला व्हॉक्स एसी-३०. तिसरा मार्शल, ज्याचा पहिला नमुना जिम मार्शल यांच्या लंडनमधील दुकानात फेंडर बेसमनच्या सर्किटवरूनच तयार झाला. यादीत वीस नावे असली तरी कानाला उपयोगाची ही तीन कुटुंबेच आहेत.

आमच्या भागातल्या वाचकाला व्हॉल्व्हच्या आवाजाची गोडी समजावून सांगायची तर तंबोऱ्याची जवारी (घोडीच्या माथ्याची घडण, जिच्यामुळे तार झंकारते) आठवावी. मिरजेच्या कारागिराने घोडी घासून जवारी काढलेली असली आणि तारेखाली जीवा (सुती दोरा) योग्य जागी सरकवलेला असला, म्हणजे एका सुरातून वरचे स्वर उमलत जातात. जवारी बसलेली असली की तीच तार मुकी वाटते, आणि जवारी बेसुमार खुली झाली की सूर राहतो बाजूला व नुसता झणझणाट उरतो. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फार आधी मिळायला हवे होते.) गेनचा नॉब हे काम करतो. तो वाढवला की लाटेचे माथे हळूहळू चपटे होतात आणि मूळ सुरावर त्याचे उपस्वर चढत जातात. ते थोडे चढले तर सूर भरदार होतो, जास्त चढले तर दोन तारा एकत्र छेडल्या की चिखल होतो. कंपनीच्या पन्नासपैकी चाळीस प्रीसेटमध्ये जवारी अशी बेसुमार खुली असते.

ती तशी का असते, याचे उत्तर दुकानातच मिळते. प्रीसेट बनवणाऱ्याला गिऱ्हाईकाला अर्ध्या मिनिटात थक्क करायचे असते, आणि तेही कमी आवाजात, एकट्या गिटारवर. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्जाचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की ते मधल्या स्वरांच्या बरोबरीला येऊ लागतात. त्यामुळे हळू आवाजात भारदस्त वाटावा म्हणून बेस आणि ट्रेबल चढवून ठेवलेला प्रीसेट आपण तालमीला मोठा केला, की खाली घुमतो आणि वर टोचतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की रात्री दहा वाजता घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून हळू आवाजात बसवलेला टोन दुसऱ्या दिवशी मंडळात चालणार नाही. ज्या आवाजात वाजवायचे त्याच आवाजात नॉब फिरवले पाहिजेत. मी दोन आठवडे रात्री नॉब फिरवत बसलो होतो, ती सगळी मेहनत वाया गेली.

त्यानंतर एका रविवारी, शेजारी सगळे लग्नाला गेलेले पाहून, मी कारखान्यात पहिला जॉब तपासतो त्या पद्धतीने बसलो. प्रीसेटची एक रिकामी जागा निवडली आणि त्यातले सगळे इफेक्ट बंद केले: डिले, कोरस, कॉम्प्रेसर, अगदी रिव्हर्बसुद्धा. डिलक्स रिव्हर्बच्या घडणीचे मॉडेल घेतले, गेन पार खाली नेला आणि मास्टरचा (एकूण आवाजाचा) नॉब समोरासमोर बोलण्याच्या आवाजापेक्षा बऱ्यापैकी वर ठेवला. आवाज इतका कोरडा आणि साधा आला, की पहिली पाच मिनिटे आपले पैसे बुडाले असेच वाटत राहिले. तरी मी काही न बदलता एक अभंगाची चाल सावकाश वाजवत राहिलो आणि मग गेन अर्ध्या-अर्ध्या अंकाने वर नेला. साडेतीनच्या आसपास असे झाले, की तार हळू छेडली तर सूर स्वच्छ आणि जोरात छेडली तर त्याला किंचित खरखरीची किनार. तिथे मी थांबलो. हाताच्या जोराला अ‍ॅम्प उत्तर देऊ लागला ती जागा हीच होती, आणि गेन सातवर असताना ती सापडणे शक्यच नव्हते, कारण तिथे हळू आणि जोरात हा फरकच मिटून जातो.

मिडच्या, म्हणजे मधल्या स्वरांच्या, नॉबविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण बहुतेकांची चूक इथे होते आणि माझीही झाली. आपण समजतो, की तिन्ही नॉब पाचवर ठेवले म्हणजे सगळे समतोल झाले. फेंडरच्या मूळ सर्किटमध्ये तसे नसते. तिथे नॉब मध्यावर असतानाही मधला पट्टा बराच दबलेला असतो, आणि मॉडेल प्रामाणिक असेल तर तो दबलेपणाही नकलेत येतो. शिवाय हे नॉब एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणजे ट्रेबल खाली आणला की मिड आपोआप पुढे आल्यासारखा वाटतो. एकट्याने घरी वाजवताना दबलेला मिड गोड लागतो. तालमीत त्याचे काय होते ते आषाढीच्या आधीच्या तालमीत समजले. पेटी, ढोलकी, टाळ आणि सहा जणांचा कोरस सुरू झाल्यावर माझी गिटार नाहीशी झाली. मी मास्टर वाढवला, तर नुसते घुमणे वाढले. बुवा पेटी थांबवून म्हणाले, "हात हलतोय तेवढा दिसतोय, सूर काय ऐकू येईना." मग मी मास्टरला हात न लावता बेस पाचवरून अडीचवर आणला आणि मिड सातवर नेला. एकटी ऐकली तर ती गिटार आता नाकात बोलल्यासारखी वाटत होती, परंतु सगळ्यांबरोबर ती आपल्या जागी येऊन बसली, कारण ढोलकीचा खर्ज आणि टाळांची किणकिण यांच्या मधली मोकळी जागा तिला मिळाली. पेटीशी थोडी रेटारेटी होते, ती बुवा आणि मी आपसांत मिटवतो.

बेस इतका खाली ठेवण्याचे दुसरे कारण स्पीकरच्या आकारात आहे. गिटारची सहावी तार मोकळी छेडली की तिचा मूळ सूर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. एवढा खाली उतरायला लागणारी हवा ८ इंची शंकू आणि ती पातळ पेटी हलवू शकत नाही. आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः त्या सुराच्या वरच्या पटींचा आवाज, आणि मूळ सूर कान आपल्या पदरचा भरतो. अशा वेळी बेसचा नॉब आठवर नेणे म्हणजे दोन माणसांच्या रिक्षात पाच जण कोंबणे आहे. शंकू फडफडतो, आतला पॉवरचा भाग धापा टाकतो, आणि मधले चांगले सूरही त्याच्याबरोबर चिरडतात. यावरून आठवले: घेतल्यापासून महिनाभरात सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी वाजवला, की प्रत्येक वेळी एक घाणेरडी थरथर ऐकू यायची. स्पीकर फाटला, असे समजून मी पावती शोधून ठेवली होती. पुन्हा पुन्हा तोच सूर छेडत खोलीभर फिरलो तेव्हा ती थरथर अ‍ॅम्पमधून न येता फळीवरच्या स्टीलच्या डब्यांमधून येत असल्याचे सापडले. रव्याच्या रिकाम्या डब्याचे झाकण नेमके त्या सुराला नाचत होते. डबा भरला आणि थरथर गेली.

अ‍ॅम्प कुठे ठेवावा, यानेही टोन नॉबइतकाच बदलतो. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे आणि मी सुरुवातीला अ‍ॅम्प त्या फरशीवर, कोपऱ्यात ठेवत असे. कोपऱ्यातल्या दोन भिंती आणि फरशी मिळून खर्ज फुगवतात, आणि वरचे स्वर, जे स्पीकरमधून टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात, ते घोट्यांवर आपटून जातात. उभे राहून वाजवणाऱ्याला मग ट्रेबल कमी वाटतो, तो वाढवतो, आणि समोर बसलेल्यांच्या कानात सुया जातात. आता मी अ‍ॅम्प भिंतीपासून दोन हात पुढे, लाकडी स्टुलावर ठेवतो आणि पुढच्या बाजूखाली लाकडाची पाचर सारतो, म्हणजे तोंड माझ्या छातीकडे राहते. पत्र्याचे स्टूल वापरू नये. ते स्वतःच एक वाद्य होते.

गिटारच्या बाजूने करण्यासारख्या गोष्टींना पैसे लागत नाहीत, म्हणून त्या बहुधा कोणी करत नाही. पिकअप तारेच्या फार जवळ असेल तर संकेत जोरदार जातो, अ‍ॅम्प आतल्या आत आधीच चिरकतो, आणि चुंबक तार ओढून सूरही डळमळवतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मी स्टीलपट्टीने मोजले, तेव्हा खर्जाच्या बाजूला जेमतेम १ मिमी अंतर होते. ते २ मिमी केले आणि पातळ तारांच्या बाजूला दीड. एवढ्याने गेन अर्ध्या अंकाने कमी केल्यासारखा फरक पडला. गिटारवरचा व्हॉल्यूम सातवर ठेवून अ‍ॅम्प बसवावा, म्हणजे एकल वाजवताना तो दहावर नेऊन धार काढता येते आणि गायक गाऊ लागला की पुन्हा मागे घेता येतो. स्वस्त मॉडेल याला व्हॉल्व्हइतक्या लवचीकपणे उत्तर देत नाही, पण देते. तारांचे म्हणाल तर बेळगावच्या पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, तारा तीन आठवड्यांत काळवंडतात, आणि मेलेल्या तारांचा टोन दुरुस्त करायला म्हणून माणूस ट्रेबल वाढवत बसतो. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसायच्या, एवढाच उपाय. केबलही ध्यानात घ्यावी. साध्या गिटार केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली, तर सहा मीटरची केबल ६०० पिकोफॅरड होते आणि वरचे स्वर थोडे बोथट करते. आवाज टोचणाऱ्याला हे चालेल, घरी ज्याला चमक हवी त्याने तीन मीटरची घ्यावी.

गुणगुण आणि खरखर यांचा बंदोबस्त करताना मी अ‍ॅम्पला विनाकारण दोष दिला. सिंगल-कॉइल पिकअप आसपासच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण उचलतोच, ते त्याच्या घडणीत आहे. पण माझ्या खोलीत त्यापेक्षा कर्कश अशी एक भुणभुण होती. पंखा बंद केला की ती जाई. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लाटेचे तुकडे पाडतो आणि ते तुकडे पिकअप पकडतो. पंखा पूर्ण पाचवर ठेवला तर भुणभुण जवळपास नाहीशी होते. उन्हाळ्यात हे जमते, थंडीत पंखा बंदच ठेवावा. दुसरे असे, की आमच्या जुन्या घरातल्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हते आणि तारांना हात लावला की आवाज कमी होई, काढला की वाढे. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतले. हे टोनसाठी तर करावेच, जिवासाठी आधी करावे. या सगळ्याऐवजी बरेच जण अ‍ॅम्पमधला नॉइज गेट चढवून मोकळे होतात. गेट हा दरवाजा आहे, ठरावीक पातळीच्या खाली आवाज गेला की तो बंद होतो. आणि मींड घेऊन सूर हळूहळू विरत जातो नेमक्या त्या क्षणी तो तोंडावर आपटतो. मी स्वतः बसवलेल्या तिन्ही प्रीसेटमध्ये गेट बंद आहे.

काढून टाकलेल्या इफेक्टपैकी परत आले ते दोनच. स्प्रिंगचा रिव्हर्ब, इतका थोडा की बंद केल्यावरच तो होता हे कळावे. आणि एकलसाठी डिले, सुमारे ३५० मिलिसेकंदांचा, एकाच प्रतिध्वनीचा. आमच्या मंडळाच्या दालनाला स्वतःचा घुमारा पुरेसा आहे, तिथे रिव्हर्बही काढतो. कोरस, फेझर, ऑक्टेव्ह आणि ज्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही असा एक पाण्याखालचा आवाज यांचा उपयोग धाकट्याला झाला; तो तासभर त्यात रमतो.

संगणकाला जोडून चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र एक खरे रत्न आहे, आणि ते पेटीवरच्या नॉबांत दिसत नाही: वरचे स्वर कापण्याचा फिल्टर. तो ५,५०० हर्ट्झवर लावला, की इतके दिवस ज्याला मी डिजिटल कचकच म्हणत होतो त्यातली निम्मी गेली. लॅपटॉप जोडताना त्याचा चार्जर काढून बॅटरीवर चालवावा, नाहीतर चार्जरची किरकिर यूएसबीतून अ‍ॅम्पमध्ये शिरते. फर्मवेअरचा (पेटीच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) अपडेट मी जुलैतल्या एका धो-धो पावसाच्या दुपारी सुरू केला आणि साठ टक्क्यांवर वीज गेली. लॅपटॉप चालू राहिला, अ‍ॅम्प मेला, आणि वीज आल्यावर त्याच्या पडद्यावर काहीच उमटेना. संध्याकाळी पुस्तिकेतली दोन बटणे दाबून धरण्याची युक्ती सापडली आणि अपडेट पहिल्यापासून नीट बसला, पण मधले चार तास मी कोणाशी धड बोललो नाही. इन्व्हर्टर असलेल्या मित्राच्या घरी अपडेट करावा.

मोठ्या जागेत हा अ‍ॅम्प पुरत नाही, आणि २५ ऐवजी ५० वॉटचा घेतला असता तरी फार फरक पडला नसता. वॉट दुप्पट झाले तरी आवाज तीन डेसिबलनेच वाढतो, म्हणजे कानाला जरासाच. मोठा स्पीकर आणि जाड पेटी यांनी जास्त फरक पडतो. त्यामुळे कार्यक्रमात अ‍ॅम्प मिक्सरला जोडावा लागतो, आणि तिथे माझी जी फजिती झाली ती इतरांची होऊ नये म्हणून नोंदवतो. माझ्या अ‍ॅम्पला वेगळा लाइन आउट नाही, हेडफोनचा जॅक आहे. त्यातून तीन कड्यांची केबल मी मिक्सरच्या एका सरळ चॅनेलला घातली. समोरून माझी गिटार विहिरीच्या तळातून आल्यासारखी ऐकू येत होती. सूर नाहीच, नुसता रिव्हर्बचा पसारा. कारण असे, की हेडफोनच्या जॅकमध्ये डावा आणि उजवा असे दोन आवाज येतात, आणि मिक्सरचा बॅलन्स्ड चॅनेल त्यातला एक दुसऱ्यातून वजा करतो. दोन्हीकडे सारखा असलेला मूळ सूर वजाबाकीत शून्य झाला, आणि दोन्हीकडे वेगवेगळा असलेला रिव्हर्ब तेवढा शिल्लक राहिला. स्टिरिओचे दोन मोनो करणारी वाय केबल ८० रुपयांना मिळते, तिने एकच बाजू मिक्सरला द्यावी. हेडफोनचा जॅक वापरला की पेटीतला स्पीकर बंद होतो आणि आपल्याला आपलेच ऐकू येत नाही, ही अडचण मात्र उरते. म्हणून अलीकडे मी गायकांच्या वापरातलाच साधा डायनॅमिक माइक स्पीकरच्या कापडासमोर तीन बोटांवर, शंकूच्या मध्यापासून थोडा बाजूला ठेवतो. मध्यासमोर ठेवला तर टोचतो, कडेला नेला तर बोजड होतो; या दोहोंमधला अंगुळभर पट्टा शोधायला पाच मिनिटे द्यावीत.

आणखी एक उणे. नोव्हेंबरमध्ये इनपुटचा जॅक सैल झाला. आमच्याकडच्या टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराने तो दहा मिनिटांत पुन्हा झाळून दिला, पण आतला मुख्य बोर्ड पाहून त्यांनी सरळ सांगितले, की हा गेला तर आमच्या हातात काही नाही, अख्खा बदलावा लागेल. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प पन्नास वर्षे दुरुस्त होत चालतो; हा तसा चालेल अशी अपेक्षा मी ठेवलेली नाही. १४,००० रुपयांत आठ-दहा वर्षे मिळाली तर मी तक्रार करणार नाही.

घरी सराव करणाऱ्याने, छोट्या मंडळात वाजवणाऱ्याने आणि ज्याला आपल्याला कोणता टोन आवडतो हेच अजून ठरवायचे आहे त्याने या वर्गातला अ‍ॅम्प जरूर घ्यावा. ज्याला एकच स्वच्छ आवाज हवा आहे आणि नॉब फिरवण्याचा कंटाळा आहे, त्याने याच पैशांत मॉडेलिंग नसलेला साधा अ‍ॅम्प पाहावा. दुकानात जाताना मात्र स्वतःची गिटार न्यावी, दुकानदाराला सगळे इफेक्ट बंद करायला सांगावे, फेंडर घडणीच्या मॉडेलवर गेन तीन, बेस तीन आणि मिड सात ठेवावा, आणि बोलण्याच्या आवाजापेक्षा वर नेऊन दहा मिनिटे आपल्याला पाठ असलेली एकच चाल वाजवावी. मी यातले काहीही केले नव्हते. माझ्या वाट्याला बरी पेटी आली, हा नशिबाचा भाग होता.